घराण्याचा माग: पूर्वजांच्या शोधाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रात मूळ असलेल्या कुटुंबांकडून पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं सलग वाचायची गरज नाही. एका प्रश्नाचा धागा दुसऱ्यात असेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. मला आजोबांच्या पलीकडे काहीच माहीत नाही. सुरुवात कुठून करू?

स्वतःपासून. कोऱ्या कागदावर तुमचं, आई-वडिलांचं आणि चारही आजी-आजोबांचं पूर्ण नाव, जन्म-मृत्यूचं साल आणि गाव लिहा. माहीत नसेल तिथे जागा रिकामी ठेवा, अंदाजाने भरू नका. मग एकेका नावाला कागदाचा आधार शोधा: शाळा सोडल्याचा दाखला, मृत्यूचा दाखला, जुनी लग्नपत्रिका, रेशनकार्ड, पेन्शनचे कागद, घरपट्टीची पावती. देव्हाऱ्यातल्या पोथीच्या मागच्या पानावर किंवा जुन्या पंचांगाच्या समासात जन्मवेळा लिहून ठेवण्याची चाल होती, तीही पाने उलटून बघा.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे उलट्या टोकाकडून सुरुवात करणं. ‘आमचे मूळ पुरुष पानिपतावर लढले’ इथून खाली उतरायला लागलात, की मधल्या पाच पिढ्या कुठून तरी जुळवून आणाव्या लागतात, आणि त्या जुळतातही. आडनाव सारखं असलं की काहीही जुळतं.

२. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना नेमकं काय विचारायचं?

‘आपला इतिहास सांगा’ म्हटलं की लोक गप्प होतात. छोटे, टोकदार प्रश्न विचारा. लहानपणी सुट्टीत कोणाकडे जायचात? आजीचं माहेर कुठलं? कुळधर्माला कोणत्या देवाला जायचं, आणि सोबत कोण कोण यायचं? कोणाचं सुतक पाळायचो? हा शेवटचा प्रश्न फार कामाचा आहे. सुतक भाऊबंदांचं पाळतात, त्यामुळे ज्या घरांचं सुतक येतं ती एकाच मूळ पुरुषाची असण्याची दाट शक्यता असते.

सालं विचारू नका, घटना विचारा: प्लेगच्या आधी की नंतर, गांधीहत्येच्या वेळी तुम्ही केवढे होतात, बहात्तरच्या दुष्काळात घरी कोण होतं. आणि ‘नाना’, ‘अण्णा’, ‘बापू’ यावर थांबू नका. नानांचं कागदावरचं नाव रामचंद्र होतं की नारायण, हे कळल्याशिवाय कोणत्याही दप्तरात ते सापडणार नाहीत. बोलणं फोनवर ध्वनिमुद्रित करा. दुसऱ्यांदा तीच गोष्ट ऐकताना नवी नावं निघतात.

३. आडनावावरून मूळ गाव शोधता येतं का?

‘कर’ लागलेल्या आडनावावरून दिशा कळते, पत्ता कळत नाही. असं आडनाव बहुधा गाव सोडल्यावर चिकटतं. ज्या गावात सगळेच तिथले, तिथे कुणाला गावाच्या नावाने हाक मारायचं कारण नसतं. म्हणून त्या गावात जाऊन तेच आडनाव शोधलं तर अनेकदा एकही घर मिळत नाही, आणि लोक निराश होऊन परततात. तिथे भाऊबंद वेगळ्या आडनावाने नांदत असतात. शिवाय वडगाव, पिंपळगाव, निमगाव या नावाची गावं जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. तालुका कळेपर्यंत गाव कळलं असं समजू नका.

पाटील, देशमुख, कुलकर्णी, देशपांडे, चौगुले ही हुद्द्यांची नावं. एका गावचे पाटील आणि शेजारच्या गावचे पाटील यांचा रक्ताचा संबंध असेलच असं नाही, जातही वेगळी असू शकते. अशा घरांचं हुद्द्याआधीचं आडनाव कुळाचारात, लग्नाच्या याद्यांत किंवा वतनाच्या कागदांत (प्रश्न १३) टिकून असतं.

४. गोत्र, कुलदैवत, देवक यांचा उपयोग होतो का?

नकारासाठी होतो, होकारासाठी फारसा नाही. दोन घरांचं देवक किंवा गोत्र वेगळं असेल तर ती एका मूळ पुरुषाची नसावीत, असं म्हणायला जागा आहे. सारखं असेल तर काहीच सिद्ध होत नाही. एकेका गोत्रात शेकडो आडनावं आहेत आणि जेजुरीचा खंडोबा किंवा तुळजापूरची भवानी अर्ध्या महाराष्ट्राचं कुलदैवत आहे. मात्र कुलदैवत एखादं आडगावचं, चारदोन गावांपलीकडे कुणाला ठाऊक नसलेलं असेल, तर मूळ वस्ती त्याच पट्ट्यात शोधा.

५. कोणते कागद किती मागे नेतात?

शेतकरी कुटुंब असेल तर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत पोचता येतं, म्हणजे साधारण पाच-सहा पिढ्या. वतन किंवा इनाम असेल तर त्याच्याही मागे. नेहमी हाताशी येणारे कागद असे:

- शाळेची प्रवेश-निर्गम नोंदवही, म्हणजे जनरल रजिस्टर. विदर्भात हिला दाखलखारीज म्हणतात. मुलाचं नाव, वडिलांचं नाव, जात, गाव आणि जन्मतारीख असते. तारखेवर फार भरवसा ठेवू नका: असंख्य मुलांची जन्मतारीख १ जून आहे, कारण शाळा जूनमध्ये सुरू व्हायच्या आणि गुरुजी वय अंदाजाने लावायचे.
- गाव नमुना १४, बोलीत कोतवाल बुक. गावातले जन्म-मृत्यू यात लिहिले जात. तान्ह्या बाळाचं नाव बहुधा नसतं, बापाचं नाव आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढंच. त्यामुळे शोध बापाच्या नावाने घ्यायचा. १९१८ च्या ऑक्टोबरची पानं मुद्दाम बघा. इन्फ्लुएंझाच्या साथीत एकाच घरातली तीन-चार माणसं आठवड्यात गेलेली दिसतात, आणि त्यानंतर एखादी शाखा का खुंटली ते कळतं.
- जमिनीचे कागद: फेरफार (जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाची नोंद, प्रश्न ६), सातबारा, त्याआधीचं कडई पत्रक, आणि पहिल्या मोजणीच्या वेळचं शेतवार पत्रक. दख्खनेतली ही मोजणी १८३६ साली इंदापूर तालुक्यापासून सुरू झाली.
- दुय्यम निबंधकाकडचे नोंदणीकृत दस्त. सूची १ नावांवरून आणि सूची २ मिळकतीवरून लावलेली असते. या दोन्ही सूची कोणालाही पाहता येतात.

१ एप्रिल १९७० नंतरचे जन्म-मृत्यू १९६९ च्या कायद्याखाली ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेकडे सापडतात.

६. फेरफारावरून वंशावळ काढतात म्हणे. कशी?

शेतकरी घरासाठी यापेक्षा खात्रीचा रस्ता नाही, म्हणून जरा सविस्तर.

आजचा सातबारा घ्या. खातेदाराच्या नावाजवळ वर्तुळात फेरफाराचा क्रमांक असतो. तो फेरफार, म्हणजे गाव नमुना ६ मधली नोंद, काढा. नोंदीचा प्रकार पहा: वारस, वाटणी, खरेदी, बक्षीस, कर्जबोजा. तुम्हाला मुख्यतः वारस आणि वाटणी हवी. वारसाच्या नोंदीत ‘अमुक हा अमुक तारखेस मयत, त्यास वारस मुलगे अमुक, विधवा अमुक’ असा मजकूर असतो. एका नोंदीत दोन पिढ्या, कधी तीन. त्या मयताचं नाव जमिनीला ज्या फेरफाराने लागलं तो क्रमांक घेऊन आणखी मागे जा. असं करत गावातल्या पहिल्या नोंदींपर्यंत पोचता येतं. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणी १९०३ च्या कायद्याने सुरू झाली, त्यामुळे पहिले फेरफार त्यानंतरच्या वर्षांतले असतात.

वाटेत तीन ठिकाणी ठेच लागते.

पहिली म्हणजे गट क्रमांक. १९४७ च्या तुकडेबंदी-एकत्रीकरण कायद्याखाली गावोगाव योजना झाल्या आणि सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आजच्या गट नंबराने १९३० चा कागद मागितला तर मिळणारच नाही. एकत्रीकरणाच्या कागदांतून आधी जुना सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर काढा.

दुसरी कुळकायद्याची. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवसापासून कसणारं कूळ मालक मानलं गेलं. तुमचे पणजोबा कूळ असतील तर त्याआधी जमिनीवर दुसऱ्याच घराण्याचं नाव आहे, आणि फेरफाराची साखळी डोळे मिटून ओढत गेलात तर तुम्ही सावकाराच्या किंवा इनामदाराच्या वंशावळीत शिराल. अशा वेळी मालकाचा रकाना सोडून कुळाचा आणि पीकपाहणीचा रकाना वाचा.

तिसरी ठेच एकत्र कुटुंबाची. चार भावांची जमीन थोरल्याच्या एकट्याच्या नावावर, शेजारी ‘ए.कु.क.’ (एकत्र कुटुंब कर्ता) लिहिलेलं. बाकीचे तिघे कागदावर नाहीत म्हणजे नव्हतेच असं नाही. ते वाटणीच्या फेरफारात एकदम उगवतात. आणि नोंदीची तारीख ही मृत्यूची तारीख समजू नका. वारस लावायला लोक दहा-दहा वर्षं लावत, कर्ज काढायची वेळ आली की धावपळ.

७. हे कागद मिळवायचे कसे? कार्यालयात ‘आढळून येत नाही’ असं सांगितलं तर?

आधी घरबसल्या बघा. महाभूमीच्या ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर अनेक तालुक्यांचे जुने सातबारा, फेरफार आणि खाते उतारे स्कॅन करून ठेवले आहेत. मराठा-कुणबी नोंदींच्या शोधात सापडलेली पानंही जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर गावनिहाय चढवली आहेत. जात कोणतीही असो, तुमच्या गावचं पान तिथे असेल तर वाचायला हरकत नाही.

नाहीतर नकलेचा अर्ज. अलीकडचे कागद तलाठ्याकडे, जुने तहसीलच्या अभिलेख कक्षात, मोजणीचे उपअधीक्षक भूमी अभिलेख यांच्याकडे. अर्जात ‘माझ्या पूर्वजांची माहिती मिळावी’ असं लिहिलंत तर तो तसाच पडून राहतो. गाव, तालुका, कागदाचा प्रकार, सर्व्हे नंबर किंवा फेरफार क्रमांक आणि सालांचा पट्टा लिहा: ‘गाव नमुना १४, सन १९०० ते १९१०’ असं. रजिस्टर गावाचं आणि सालाचं असतं, माणसाचं नसतं. शोधणाऱ्याला कोणता गठ्ठा सोडायचा ते कळलं पाहिजे.

नकार आला तर तो लेखी घ्या. ‘आढळून येत नाही’ आणि ‘जीर्ण असल्याने नक्कल देता येत नाही’ यांत फरक आहे. दुसऱ्या बाबतीत पाहणीची परवानगी मागता येते. मग गाव त्या काळी कोणत्या तालुक्यात होतं ते तपासा (प्रश्न १७). निम्मे ‘हरवलेले’ कागद शेजारच्या तालुक्याच्या रॅकवर असतात.

८. जुन्या नोंदीत बिन, वल्द, कोम, अ.पा.क. असं काय काय लिहिलेलं असतं?

‘बिन’ आणि ‘वल्द’ म्हणजे अमक्याचा मुलगा: ‘तुका बिन राणू’ म्हणजे राणूचा मुलगा तुका. ‘कोम’, ‘जवजे’, ‘भ्रतार’ आणि काही ठिकाणी ‘मर्द’ हे शब्द बाईच्या नावापुढे येतात, त्यांच्या पुढचं नाव नवऱ्याचं. ‘मर्द’ वाचून पुरुष समजणारे कमी नाहीत. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता: मालक अल्पवयीन आहे आणि पुढचं नाव त्याला सांभाळणाऱ्याचं. हा पालनकर्ता आई असते, चुलता असतो किंवा मामाही, म्हणून त्याला बाप समजून झाडात बसवू नका. ‘ए.कु.क.’ एकत्र कुटुंब कर्ता. सातबाऱ्यात नावाला कंस केला असेल तर त्याचा हक्क संपला आहे, पण शोधणाऱ्यासाठी कंसातलीच नावं मोलाची.

एकच माणूस तुका, तुकाजी, तुकाराम, तुकोबा अशा चार रूपांत येतो. आडनाव तर जुन्या कागदांत बहुधा नसतंच.

९. कागद मोडीत आहे. मोडी शिकावी लागेल का?

दोन-चार कागद असतील तर जाणकाराकडून वाचून घ्या. गावाचं अख्खं रजिस्टर चाळायचं असेल तर शिकाच. राज्याचा पुराभिलेख विभाग मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतो. अक्षरं आठवड्या-दोन आठवड्यांत ओळखू येतात. वळणं अंगवळणी पडायला काही महिने जातात. अडचण अक्षरांची कमी आणि लिहिण्याच्या रीतीची जास्त आहे: आधी ओळभर शिरोरेघ ओढलेली, शब्द तोडलेले नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, आणि नेहमीचे शब्द संक्षेपात.

सोपी युक्ती अशी: आधी तुमच्या गावाचं नाव, आडनाव, ‘बिन’ आणि ‘मयत’ एवढेच शब्द मोडीत कसे दिसतात ते वहीत काढून घ्या आणि पानांवर तेवढेच आकार शोधा. जन्म-मृत्यूच्या रजिस्टरात तेच रकाने पानोपानी येतात, त्यामुळे हात लवकर बसतो. कागद सरकारी कामासाठी हवा असेल तर मात्र लिप्यंतर अधिकृत जाणकाराकडूनच करून घ्यावं लागतं.

१०. कागदावर शक, फसली, सुहूर असलं काहीतरी साल आहे. इसवी सन कसा काढू?

शालिवाहन शकात ७८ मिळवा. पौष ते फाल्गुन यांतला जो भाग १ जानेवारीनंतर येतो त्यासाठी ७९. फसली सनात ५९०, आणि जानेवारी ते मृग लागेपर्यंत ५९१. सुहूर सनात त्याचप्रमाणे ५९९ किंवा ६००. फसली आणि सुहूर दोन्ही सनं मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला बदलतात. राज्याभिषेक शकात १६७३ मिळवा. व्यापारी घरांच्या चोपड्यांत विक्रम संवत असतो, त्यातून ५७ किंवा ५६ वजा करा.

सुहूर सन आकड्यांत नसतो, अरबी संख्याशब्दांत असतो, आणि आधी एकक मग दशक असा क्रम असतो. ‘खमस सबैन मया व अलफ’ म्हणजे पाच, सत्तर, शंभर आणि हजार, एकूण ११७५. त्यात ५९९ मिळवले की १७७४, म्हणजे १७७४-७५ हे वर्ष. एककं अशी: इहिदे, इसन्ने, सलास, आर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा. ‘मयातैन’ म्हणजे दोनशे.

एक अपवाद लक्षात ठेवा. निजामाच्या राज्यात फसली वर्ष जूनमध्ये नव्हे तर ऑक्टोबरमध्ये, आजूर महिन्यापासून सुरू होई. मराठवाड्यातल्या कागदावर आजूर, बहमन, खुर्दाद, मेहेर असे महिने दिसले तर हाच हिशेब लावा: फसली १३४० हे १९३० च्या ऑक्टोबरात सुरू झालं.

११. आमचं मूळ विदर्भात (मराठवाड्यात, कोकणात) आहे. तिथेही हेच कागद?

नावं वेगळी आहेत आणि सालंही. मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे महसुलाचे जुने कागद उर्दूत आहेत. तिथे खासरा पाहणी पत्रक आणि १९५१ चं नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर हे दोन कागद आधी मागा. दुसऱ्यात घरातली माणसं एकत्र नोंदलेली असतात.

विदर्भात बंदोबस्ताची (म्हणजे सारा-आकारणीची) मिसल, हक्कनोंदणी पत्रक आणि १९५४-५५ ची अधिकार अभिलेख पंजी विचारा. कोकणात खोती होती, म्हणून कसणाऱ्याचं नाव खोताच्या आणि कुळांच्या हिशेबात, बोटखतात सापडतं. कोल्हापूर, सांगली, भोर, औंध, फलटण, जत ही संस्थानं होती. त्यांची दप्तरं १९४८-४९ च्या विलीनीकरणानंतर वाटली गेली, तेव्हा तालुक्यात नाही मिळालं तर पुराभिलेखात विचारा.

१२. तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत खरंच नावं असतात का? आणि हेळवी, भाट यांच्याकडे?

असतात, आणि कधीकधी पणजोबांच्या स्वतःच्या हस्ताक्षरात. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, प्रयाग, गया, हरिद्वार इथले उपाध्याय यजमानांची नामावळी ठेवतात. कोणता यजमान कोणाकडे हे मूळ गाव, आडनाव आणि जात यांवरून ठरलेलं असतं. म्हणून नाशिकला रामकुंडावर गेलात तर आजचं गाव सांगू नका, मूळ गाव आणि तालुका सांगा. चार-पाच आजोबा-पणजोबांची आणि चुलत आजोबांची नावं खिशात ठेवा, म्हणजे सापडलेली नोंद आपलीच का ते तिथल्या तिथे ताडता येईल. फोटो काढण्याआधी विचारा. योग्य दक्षिणा द्या, आणि निघताना तुमच्या पिढीची नावं, मुली आणि सुना यांच्यासकट, लिहून या.

वहीत नोंद होते ती कोणी यात्रेला गेलं तरच. त्यामुळे घरातून दोन पिढ्या कोणी गेलं नसेल तर तेवढी पोकळी राहते, आणि सांगणाऱ्याने जे सांगितलं तेच लिहिलं जातं. तो नावं विसरला तर वहीही विसरते. हरिद्वारच्या व उत्तरेतल्या काही तीर्थांच्या वह्यांची छायाचित्रं फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर आहेत.

कोल्हापूर, सांगली आणि बेळगाव भागात हेळवी घरोघर येऊन वंशावळ वाचतात. इतर भागांत भाट हे काम करतात. अलीकडच्या सात-आठ पिढ्या त्यांच्या वहीत बऱ्याच नेटक्या असतात. त्याच्या वर गेलं की वंश एखाद्या राजाला किंवा थेट सूर्य-चंद्राला जाऊन मिळतो. तो भाग ऐकावा, झाडात घालू नये.

१३. आमच्याकडे पाटीलकी (कुलकर्णीपण, इनाम) होतं. त्याचे कागद कुठे?

तुम्ही नशीबवान आहात. वतनाची भांडणं पिढ्यान्‌पिढ्या चालत आणि प्रत्येक भांडणात हक्क सिद्ध करायला वंशावळ द्यावी लागे. ब्रिटिशांनी नेमलेल्या इनाम कमिशनने (त्याचा कायदा १८५२ चा) इनामदारांकडून कैफियती लिहून घेतल्या, त्यांतही वंशावळी आहेत. हे कागद पुण्याच्या पुराभिलेखागारात, पेशवे दप्तराच्या इमारतीत बघायला मिळतात. मुंबई, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथेही पुराभिलेखाची कार्यालयं आहेत. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आणि धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात घराण्यांची खासगी दप्तरं आहेत.

दप्तर रुमालांत बांधलेलं आहे आणि प्रांत-परगण्याने लावलेलं आहे. तुमचं गाव पेशवाईत कोणत्या परगण्यात किंवा तर्फेत होतं हे काढल्याशिवाय जाऊ नका. आणि भांडणातली वंशावळ ही एका पक्षाने स्वतःच्या फायद्यासाठी दिलेली असते, दुसऱ्या पक्षाची कैफियतही वाचा.

१४. आमची जमीनच नव्हती. मग?

मग शाळा आणि कोतवाल बुक (प्रश्न ५) हे मुख्य आधार. महार वतन असलेल्या घरांची नावं कनिष्ठ वतनांच्या रजिस्टरात मिळतात. ही वतनं १९५८ च्या कायद्याने बंद झाली, त्या वेळच्या फेरफारांत वाटेकऱ्यांची लांबलचक यादी असते. १९५६ नंतर शाळेत जातीच्या रकान्यात ‘नवबौद्ध’ किंवा ‘बौद्ध’ आलं, म्हणून एकाच घरातल्या दोन भावांच्या नोंदी वेगळ्या दिसू शकतात.

सैन्यात कोणी असेल तर पेन्शनचे कागद. पहिल्या महायुद्धात गेलेल्यांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या यादीत अनेकदा बापाचं नाव आणि गावही असतं. गावच्या चावडीवरच्या संगमरवरी पाटीवर मात्र किती गेले आणि किती परतले नाहीत एवढे आकडेच कोरलेले असतात. शहरात घर असेल तर नगर भूमापनाची चौकशी नोंदवही मागा. मालमत्ता पत्रकापेक्षा तिच्यात जास्त सापडतं.

ख्रिस्ती कुटुंबांसाठी चर्चची बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची रजिस्टरं सगळ्यात भरवशाची. मुस्लिम कुटुंबांनी निकाहनामे आणि काझीकडची नोंदवही बघावी.

१५. एकच नाव दर दुसऱ्या पिढीला येतंय. हा घोटाळा की खरं?

बहुधा खरं. आजोबांचं नाव नातवाला ठेवण्याची रीत असल्यामुळे ‘राणू बिन संभू’, ‘संभू बिन राणू’, पुन्हा ‘राणू बिन संभू’ अशी साखळी बनते. धोका असा की पहिला आणि तिसरा राणू एकच समजून दोन पिढ्या गाळल्या जातात. सालं मांडा. एका पिढीला पंचवीस ते तीस वर्षं धरा. एकच राणू १८६५ मध्ये खातेदार आणि १९३० मध्ये मयत दिसत असेल तर ते दोघे असण्याची शक्यता जास्त. बायकोचं नाव, भावांची नावं आणि सर्व्हे नंबर या तिन्हींपैकी दोन जुळल्याशिवाय दोन नोंदी एका माणसाच्या समजू नका.

१६. बायकांची नावं सापडतच नाहीत. आजीचं माहेर कसं शोधू? आणि दत्तक कसा ओळखायचा?

बाई कागदावर येते ती बहुधा विधवा झाल्यावर, वारस म्हणून किंवा अज्ञान मुलाची पालनकर्ती म्हणून. तिथलं नाव सासरचं. माहेरचं नाव हवं असेल तर तिच्या भावांच्या बाजूने शोधा. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर मुलींची नावं बापाच्या वारस फेरफारात येऊ लागली, आणि पुढे ‘हक्कसोड’ पत्रात पुन्हा दिसतात. बहिणीने हक्क सोडल्याचा दस्त हा तिच्या माहेर-सासरचा दुवा जोडणारा उत्तम कागद असतो. (त्यामागची गोष्ट दर वेळी सुखाची असते असं नाही.) जुन्या लग्नपत्रिका आणि आहेराच्या याद्याही जपून ठेवा. मामाचा आहेर कोणत्या गावाहून आला, ते तिथे लिहिलेलं असतं.

दत्तकाची खूण अशी: मुलाचं बापाचं नाव शाळेत एक आणि फेरफारात दुसरं, किंवा मूल नसलेल्या चुलत्याची जमीन एकाच पुतण्याकडे. झाडात दोन्ही बाप दाखवा, जन्माचा सरळ रेषेने आणि दत्तकाचा तुटक रेषेने. एकच ठेवलात तर पुढच्याला कागद जुळणार नाहीत.

१७. गावाचा जिल्हाच बदललाय, किंवा गाव धरणात गेलंय. आता?

कागदाच्या काळातला जिल्हा धरा. सांगली जिल्हा आधी दक्षिण सातारा होता, आणि १९४९ आधी त्यातला बराच भाग साताऱ्यात. सिंधुदुर्ग १९८१ मध्ये रत्नागिरीतून निघाला, जालना त्याच वर्षी औरंगाबादेतून, लातूर १९८२ मध्ये उस्मानाबादेतून, नंदुरबार १९९८ मध्ये धुळ्यातून. रायगडचं जुनं नाव कुलाबा. पश्चिम खानदेश म्हणजे धुळे, पूर्व खानदेश म्हणजे जळगाव.

कोयना, उजनी, जायकवाडीसारख्या धरणांत गेलेल्या गावांचं दप्तर तालुक्यातच असतं, ते बुडत नाही. भूसंपादनाच्या निवाड्यात खातेदारांची आणि हिस्सेदारांची पूर्ण यादी मिळते, आणि पुनर्वसनाच्या कागदांत कोण कुठे गेलं ते.

१८. आमचे पूर्वज मॉरिशसला गेले होते. इकडचं गाव कळेल?

बऱ्याचदा हो. करारावर गेलेल्या मजुरांची रजिस्टरं मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. त्यांत नाव, बापाचं नाव, वय, जात, जिल्हा, परगणा आणि गाव असतं. स्पेलिंग मात्र साहेबाच्या कानाला ऐकू आलं तसं. गावाचं नाव मोठ्याने, वेगवेगळ्या उच्चारांनी वाचून बघा. तंजावरकडे गेलेल्या घराण्यांनी तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयातले मोडी कागद बघावेत.

१९. डीएनए चाचणी करून झाड मिळेल का?

नाही. चाचणी नावं देत नाही. बापाकडची किंवा आईकडची फार जुनी शाखा कळते, हजारो वर्षांपूर्वीची, आणि त्याच संचात चाचणी केलेले दूरचे नातेवाईक. जातीतल्या जातीत आणि मामाच्या मुलीशी लग्नं होत आलेल्या समाजांत दोन माणसांचा सामाईक वाटा फुगलेला दिसतो. चाचणी ज्याला तिसरा चुलत भाऊ (खापरपणजोबा एकच असलेला) म्हणते तो प्रत्यक्षात सातव्या-आठव्या पिढीत जुळणारा असू शकतो. दोन शाखा एकाच पणजोबांच्या आहेत का, असा नेमका प्रश्न असेल आणि दोन्हीकडचे पुरुष चाचणीला तयार असतील, तरच पैसे घाला.

२०. जात पडताळणीसाठी केलेली वंशावळ वापरली तर चालेल?

आधार म्हणून चालेल, पुरावा म्हणून जपून. ती शपथपत्रावर दिलेली असते आणि तिचा हेतू एका जुन्या नोंदीपर्यंत सरळ रेषा ओढणं हा असतो. बाजूच्या शाखा, मुली, अल्पायुषी मुलं गाळलेली असतात. तिला जोडलेले कागद मात्र मागून घ्या, कारण कोणीतरी कष्टाने जमवलेले असतात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांआधीचे कागद त्यात शोधलेले असतात, म्हणजे तुम्हाला हवा तोच काळ.

२१. सगळं लिहून कसं ठेवू?

प्रत्येकाला क्रमांक द्या. सरळ पूर्वजांसाठी सोपी रीत: तुम्ही १, वडील २, आई ३. कोणाच्याही वडिलांचा क्रमांक त्याच्या दुप्पट, आईचा दुप्पट अधिक एक. म्हणजे वडिलांच्या आईचा ५, आईच्या वडिलांचा ६. संगणकावर ग्रॅम्प्स हे मोफत सॉफ्टवेअर देवनागरी स्वीकारतं. कोणतंही वापरा, पण माहिती जेडकॉम (GEDCOM, एका सॉफ्टवेअरमधलं झाड दुसऱ्यात नेता येईल अशा) स्वरूपात बाहेर काढता येते ना ते आधी बघा.

प्रत्येक नावापुढे माहिती कुठून आली ते लिहा: कोणता कागद, कोणतं गाव, कोणतं साल, कोणता फेरफार क्रमांक, किंवा कोणी सांगितलं आणि कधी. ऐकीव नाव पेन्सिलने, कागदावरचं शाईने, एवढा साधा भेद ठेवला तरी पुष्कळ. मूळ कागदांना सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर नकोच. घडी पडलेली असेल तर उघडून सपाट ठेवा. जिवंत माणसांच्या जन्मतारखा आणि पत्ते सगळ्यांना दिसतील अशा झाडावर घालू नका.